उभयचर प्राण्यांचे अनुकूलन

उभयचर हे पाणी व जमीन या दोन्ही अधिवासांशी जुळवून घेतलेले असमतापी पृष्ठवंशी प्राणी आहेत. बेडूक व भेक, सॅलॅमँडर आणि पाय नसलेले देवगांडूळ असे त्यांचे तीन गण आहेत. विदर्भातील वाशीम जिल्ह्यात पाऊस मुख्यतः जून ते सप्टेंबर या काळात पडतो व उन्हाळा कडक असतो. अशा प्रदेशातील बेडकांना पाण्यातील वाढ थोड्या काळात पूर्ण करून उरलेले कोरडे महिने तग धरून काढावे लागतात.

जलीय अवस्था

बेडकाच्या अंड्यांना कठीण कवच नसते, केवळ जेलीसारखे आवरण असते. त्यामुळे ती पाण्यात किंवा ओलसर जागी घातली जातात. अंड्यातून बाहेर पडणारा भैकेर (बेडूकमासा) कल्ल्यांनी श्वसन करतो व शेपटीच्या साहाय्याने पोहतो.

मैदानी भारतात सर्वत्र आढळणारा बैलबेडूक (हॉप्लोबॅट्रॅकस टायगेरिनस) मोसमी पावसाच्या आरंभी तात्पुरत्या डबक्यांत अंडी घालतो. डबके आटण्यापूर्वी वाढ पूर्ण न झाल्यास भैकेर मरतात. या जातीचे भैकेर मांसाहारी असून इतर भैकेरांनाही खातात.

रूपांतरण

अवटू ग्रंथीतील थायरॉक्सिन या संप्रेरकामुळे रूपांतरण घडते. पाय फुटतात, शेपूट शरीरात शोषली जाते, कल्ल्यांची जागा फुप्फुसे घेतात आणि आतडे आखूड होते. पाण्यात अमोनियाच्या रूपात बाहेर टाकला जाणारा नायट्रोजन पुढे मुख्यतः युरियाच्या रूपात टाकला जातो. युरिया कमी विषारी असल्याने त्याच्या उत्सर्जनास कमी पाणी लागते.

जमिनीवरील जीवन

बेडकाला फासळ्यांचा पिंजरा व श्वासपटल नसते, म्हणून तो घशाच्या हालचालीने हवा फुप्फुसांत ढकलतो. श्लेष्मल ग्रंथींमुळे ओलसर राहणाऱ्या त्वचेतूनही श्वसन होते. बेडूक तोंडाने पाणी पीत नाही, तर पोटाकडील त्वचेतून ते शोषून घेतो. मात्र याच पातळ त्वचेतून पाण्याचे बाष्पीभवनही होते. त्यामुळे बहुतेक जाती रात्री संचार करतात. भेकाची जाड व चामखिळींनी भरलेली त्वचा कोरडेपणा अधिक सहन करते.

ग्रीष्मनिष्क्रियता

कोरड्या काळात अनेक जाती जमिनीत दडून निष्क्रिय होतात. या अवस्थेत चयापचय मंदावतो व साठवलेल्या चरबीवर निर्वाह होतो. बिळे करणाऱ्या स्फेरोथेका प्रजातीतील बेडकांच्या मागील पायांवर फावड्यासारखा कठीण उंचवटा असतो. त्याच्या साहाय्याने ते मागे सरकत मातीत शिरतात.

धोके व संरक्षण

त्वचा पारगम्य असल्याने कीटकनाशके व दूषित पाणी यांचा उभयचरांवर थेट परिणाम होतो. पाणथळ जागा बुजविल्यास प्रजननस्थळे नष्ट होतात. बेडूक पिकांवरील कीटक व डासांच्या अळ्या खातात, म्हणून त्यांची घट शेतीसही हानिकारक ठरते. बेडकांच्या तंगड्यांच्या निर्यातीवर भारताने 1987 मध्ये बंदी घातली.