मागणीमागची गरज

‘तडजोड’ हा शब्द आपण मराठीत जरा नाइलाजानेच उच्चारतो. तडजोड केली म्हणजे काहीतरी सोडले, मन मारले. कचेरीत दोन विभागांचे किंवा कारखान्यात मालक-कामगारांचे बिनसले की आपल्याला दोनच रस्ते दिसतात: एकाने जिंकायचे, नाहीतर दोघांनी थोडे थोडे हरायचे. कामाच्या ठिकाणच्या वाटाघाटींविषयी गेल्या शंभर वर्षांत जे संशोधन झाले, त्याच्या मुळाशी या समजुतीला घेतलेली हरकत आहे.

ती घेतली मेरी पार्कर फॉलेट (१८६८–१९३३) यांनी. बॉस्टनच्या गरीब वस्त्यांत त्यांनी अनेक वर्षे समाजकार्य केले होते. १९२५ साली न्यूयॉर्कमध्ये व्यवस्थापकांपुढे दिलेल्या व्याख्यानात त्यांनी मांडले की संघर्ष म्हणजे भांडण नव्हे, संघर्ष म्हणजे फरक. आणि फरक मिटवायचा नसतो, कामाला लावायचा असतो. त्यासाठी त्यांनी तीन मार्ग सांगितले: दडपणे, तडजोड आणि एकात्मीकरण. तिसऱ्याचा त्यांनी दिलेला दाखला अगदी साधा आहे. हार्वर्डच्या ग्रंथालयातल्या लहानशा खोलीत एकाला खिडकी उघडी हवी होती, फॉलेटबाईंना बंद. शेवटी शेजारच्या रिकाम्या खोलीतली खिडकी उघडली. त्याला हवा खेळायला हवी होती. बाईंना उत्तरेचा वारा थेट अंगावर नको होता. अर्धी खिडकी उघडली असती तर ती तडजोड झाली असती, आणि दोघेही कुरकुरत बसले असते.

दुसरा दाखला दूध उत्पादकांचा. डोंगरउतारावरच्या दूधसंकलन केंद्रावर वरून येणारे आणि खालून येणारे गाडीवान ‘आधी आमचे दूध उतरवा’ म्हणून हमरीतुमरीवर आले होते. फलाटाची जागा अशी बदलली की दोन्हीकडच्या गाड्या एकाच वेळी रिकाम्या होऊ लागल्या. मागणी होती पहिल्या क्रमांकाची. गरज होती न थांबण्याची. १९८१ साली रॉजर फिशर आणि विल्यम युरी यांनी वाटाघाटींवर लिहिलेल्या गाजलेल्या पुस्तकाचा गाभा हाच भेद आहे, आणि ग्रंथालयातली ती खिडकीही त्यात आली आहे.

फॉलेट भाबड्या मात्र नव्हत्या. वडिलोपार्जित घरात दोन्ही मुलांना राहायचे असेल तर बऱ्याचदा असा मार्ग निघत नाही, हे त्यांनी त्याच व्याख्यानात सांगून टाकले होते.

फरक कामाला लागतो, म्हणजे कचेरीत मतभेद असावेतच का? कॅरन जेन यांनी १९९५ मध्ये मालवाहतूक करणाऱ्या एका मोठ्या कंपनीतल्या १०५ गटांचा अभ्यास प्रसिद्ध केला. कामाबद्दलचे मतभेद आणि माणसांमधली तेढ त्यांनी वेगवेगळी तपासली. ठरावीक साच्याच्या कामात मतभेद अडथळाच ठरत होते. जिथे दरवेळी नव्याने विचार करावा लागतो, तिथे ते उपयोगी पडू शकत होते. तेढ मात्र घातकच. पुढे २००३ साली कार्स्टन डे ड्रू आणि लॉरी वाइनगार्ट यांनी अनेक अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा कामाबद्दलचे मतभेदही एकूणात कामगिरीला मारकच दिसले. ते तेढीपासून जितके अलग राहतात, तितके नुकसान कमी. ‘तुमचा हिशेब चुकला’ हे वाक्य ‘तुम्ही चुकार आहात’ असे ऐकू येऊ लागले की प्रश्न बाजूला पडतो आणि माणूस समोर येतो.

तरीही या संशोधनात एक गृहीत आहे, की ज्यांचे बिनसले ते समोरासमोर बसू शकतात. रिचर्ड वॉल्टन आणि रॉबर्ट मॅकर्सी यांनी १९६५ साली कामगार-वाटाघाटींचे चार पदर उलगडले: वाटणी, दोघांच्या हिताचा शोध, परस्परांविषयीची वृत्ती घडवणे आणि आपल्याच गोटात एकमत करणे. मला या चौथ्या पदराचे महत्त्व सर्वांत जास्त वाटते, कारण प्रतिनिधीला आपल्या माणसांची संमती नसेल तर त्याने केलेल्या कराराला किंमत उरत नाही.

याचा सर्वांत दुःखद पुरावा मुंबईतच आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. पगारवाढ हवी होती, बदली कामगारांना कायम करायला हवे होते. पण १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यानुसार वाटाघाटींचा अधिकार एकट्या राष्ट्रीय मिल मजदूर संघाला होता. कामगार ज्याच्या मागे होते त्याच्याशी बोलता येत नव्हते. ज्याच्याशी बोलता येत होते त्याच्या मागे कामगार नव्हते. म्हणून मान्यतेची ही व्यवस्था बदला, हीही संपाची मागणी बनली. संप फसण्याची कारणे अनेक आहेत. गिरण्यांचा धंदा आधीच डळमळीत होता, यंत्रमाग पसरत होते, सरकार हटून होते. संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. हजारोंच्या नोकऱ्या तेवढ्या गेल्या.

विद्यार्थ्यांना हा विषय शिकवताना मी खिडकीची गोष्ट आणि गिरणीसंप एकाच तासाला घेतो. खिडकीच्या गोष्टीत दोघांची पत सारखी होती. कोणाला दुसऱ्याची नोकरी घालवता येत नव्हती. कचेरीत तसे नसते. साहेबाने ‘तुम्हाला नेमके काय हवे आहे?’ असे विचारले, तरी खरे उत्तर द्यायला कारकुनाला भीती वाटणार नाही, अशी सोय आधी हवी: ऐकून घेणारी तक्रार समिती, माणसांनी स्वतः निवडलेला प्रतिनिधी, बोलल्याबद्दल बदली होणार नाही याची हमी. मागणीमागची गरज शोधणे हे कौशल्य आहे, ते शिकवता येते. पण ती गरज कोणाच्या तोंडून ऐकायची, हे त्याआधी ठरवावे लागते, आणि ते ठरवण्याचा हक्क ज्यांची गरज आहे त्यांनाच असला पाहिजे.