कॅलिफोर्नियाची मुलगी

डॉक्टरांच्या गप्पांत 'कॅलिफोर्नियाची मुलगी' नावाचं एक दुखणं आहे. ते रुग्णाला होत नाही, नातेवाइकाला होतं. १९९१ साली वृद्धांच्या आजारांवरील एका अमेरिकी नियतकालिकात ते छापूनही आलं. लांब राहणारी लेक शेवटच्या टप्प्यावर विमानातून उतरते आणि घरच्यांनी महिनोन्‌महिने डॉक्टरांशी बोलून जे ठरवलेलं असतं, ते एका दुपारीत उधळून लावते. आयसीयूत हलवा, अजून एक केमो द्या! पुण्यात तर या नावाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. कितीतरी घरांतली लेक खरंच तिकडे असते.

नाव खवचट आहे, पण मधले महिने तिने पाहिलेलेच नसतात. दिसतो तो व्हिडिओ कॉलवरचा आईचा ओढलेला चेहरा. मग रोज एकच विचारणा: "आज काय खाल्लं?" इकडे वहिनी मऊ भाताची वाटी घेऊन तासभर बसलेली. कॅन्सर पुढे गेला की भूक मरते, दिलेलं अन्न शरीराला नीट वापरताही येत नाही. बळेबळे भरवलेल्या घासांनी ताकद येत नाही, उलटी मात्र होते. "दोन चमचे घेतले? पुरे," हे लांबून कोणी म्हणालं, तर वहिनीच्या डोक्यावरचं ओझं उतरतं.

मॉर्फिनचंही तसंच. नाव काढलं की घरात "म्हणजे संपलंच" अशी कुजबुज. प्रत्यक्षात योग्य मात्रेतल्या गोळीने माणूस दुखणं विसरून चार शब्द बोलू शकतो. बद्धकोष्ठ मात्र ठरलेलं, त्याचं औषध पहिल्या दिवसापासून हवं. ही गोळी व्हिडिओवर लिहून मिळत नाही. २०२० च्या टेलिमेडिसिन नियमांत अशा औषधांना मनाई आहे. जवळच्या कुणाला तरी जावंच लागतं. कुठे, हे शोधायचं काम मात्र परदेशातूनही होतं. वांद्र्याचं शांती आवेदना सदन १९८६ पासून, पुण्यात वारज्याचं सिप्लाचं केंद्र १९९७ पासून कॅन्सरच्या रुग्णांची वेदना हलकी करण्याचं काम करतं.

घड्याळाचाही उपयोग होतो. पुण्यात रात्रीचे दोन वाजतात, तेव्हा उन्हाळ्यात कॅलिफोर्नियात दुपारचा दीड असतो. आई अस्वस्थ झाली की वहिनीने नणंदेला उठवायचा प्रश्नच नाही. औषधांची यादी, डॉक्टरांचा नंबर, मेडिक्लेमचे कागद नणंदेपाशी तयार असले, तर भिंतीवरच्या कालनिर्णयच्या मागे वेळा टिपून ठेवणाऱ्या बाईला निदान एक जागा माणूस मिळतो.

आणि रजा. बहुतेक जण ती दहाव्या-तेराव्यासाठी राखून ठेवतात. आई बोलती आहे तेव्हाच यावं, तिला काय हवं-नको ते तिच्याच तोंडून ऐकावं. मुलगी आठ दिवस राहिली आणि आईशेजारी झोपली, तर वहिनीला महिन्यांनंतर सलग झोप लागते, शेजारच्या खोलीत, दार लावून.