विजेची मोजदाद (भाग 7) : मीटरशी कोण बोलतं?

मागच्या भागात सीटी (करंट ट्रान्सफॉर्मर) आणि पीटी (पोटेन्शियल ट्रान्सफॉर्मर) यांच्यापर्यंत आलो होतो. त्यांच्याकडून आलेल्या प्रवाह-दाबावरून मीटर हिशेब मांडतो. तो हिशेब बाहेर कसा जातो आणि कोणी त्यात हात घातला तर काय होतं, ते आज पाहू.

उच्चदाब ग्राहकाच्या मीटरला दर्शनी बाजूला ऑप्टिकल पोर्ट असतो. तिथे केबल लावून जागेवर रीडिंग घेता येतं. आता बहुतेक ठिकाणी शेजारच्या मोडेममधलं सिमकार्ड हेच काम दुरून करतं. जातं काय, तर नुसते महिन्याचे युनिट नव्हेत. 15 किंवा 30 मिनिटांच्या टप्प्यांनी नोंदलेला वापराचा तपशील, म्हणजे लोड सर्व्हे.

पूर्वी प्रत्येक मेकची भाषा वेगळी आणि सॉफ्टवेअरही वेगळं. डीएलएमएस ही मीटरशी बोलण्याची सामाईक भाषा आणि तिच्यावर बेतलेलं भारतीय मानक आयएस 15959 आल्यावर ही अडचण बरीच सुटली. या मानकात विचारणाऱ्याची पायरीही ठरलेली आहे. कोणालाही फक्त जुजबी ओळख मिळते, रीडिंगसाठी पासवर्ड लागतो आणि सेटिंग बदलायचं तर त्याहून कडक पडताळणी. संदेश एईएस-128 ने कुलूपबंद करता येतो, शिवाय त्यावर चढता क्रमांक असतो. कालचा संदेश टिपून आज पुन्हा पाठवला, तर मीटर तो नाकारतो.

मला मात्र सर्वांत मोलाची वाटते ती मीटरची स्मरणवही. एका फेजचा दाब गेला, सीटी उलटा जोडला, चुंबक जवळ आणलं, की तारीख, वेळ आणि त्या क्षणाचे दाब-प्रवाह लिहिले जातात. जागा भरली की जुन्या नोंदी पुसल्या जातात. पण मीटरचं कव्हर उघडल्याची नोंद, क्रमांक 251, कधीच पुसली जात नाही. सील नवं लावता येईल, ही नोंद काढता येत नाही. प्रामाणिक कारखानदारालाही या स्मरणवहीचा आधार आहे. पीटीचा फ्यूज उडाला, तर तो कधी गेला आणि दाब कधी परतला हे दिसतं, आणि बिलाची दुरुस्ती तेवढ्याच काळापुरती मागता येते. एक भान ठेवायला हवं : काय घडलं आणि कधी, एवढंच मीटर सांगतो, फ्यूज आपोआप उडाला की कोणी काढला, हे त्याला कळत नाही.

खरी काळजी आहे ती कारखान्याच्या स्वतःच्या पॅनेल मीटरांची. ते आरएस-485 च्या दोन तारांवर मॉडबसमध्ये बोलतात. मॉडिकॉन कंपनीने 1979 मध्ये आणलेल्या या मूळ भाषेत पासवर्ड नाही, गुप्तलेखनही नाही. संदेशाच्या शेवटी येणारा सीआरसी तारेवरच्या गोंगाटाने झालेली चूक पकडतो, मुद्दाम केलेला बदल नाही. गेटवेमार्फत ही तार ऑफिसच्या नेटवर्कला जोडली, की तिथल्या कुठल्याही संगणकाला मीटर उत्तर देतो. कोणी सीटी रेशो 400/5 चा 200/5 केला, तर प्रवाहाचे आणि वापराचे आकडे निम्मे होतात. त्यांवर चालणारा आणि मागणी वाढली की भार कमी करणारा डिमांड कंट्रोलर गप्प राहतो आणि वीज कंपनीच्या मीटरवर मात्र करारापेक्षा जास्त मागणी चढते, दंडासकट.

म्हणून मीटरवरचं राइट लॉक चालू करा, मीटर-उत्पादकाने दिलेला सेटिंगचा पासवर्ड बदला, गेटवे वेगळ्या नेटवर्कवर ठेवा आणि तो थेट इंटरनेटला कधीही जोडू नका.