खेळ कोणाचा आणि संघ कोणाचा? कॅनडातल्या लॅक्रॉसची गोष्ट

ऑक्टोबर २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचं अधिवेशन मुंबईत भरलं होतं, हे आपल्याला आठवत असेल. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये क्रिकेट खेळवायचं, हा निर्णय तिथेच झाला. आपल्याकडे चर्चा झाली ती क्रिकेटची. पण त्याच यादीत आणखी चार खेळ होते आणि त्यातला एक होता लॅक्रॉस. कॅनडाची क्रीडासंस्कृती समजून घ्यायला आज आपण हाच खेळ धरून चालणार आहोत.

कॅनडाचा राष्ट्रीय खेळ कोणता, असं विचारलं तर आपल्यातले बहुतेक जण आइस हॉकी म्हणतील. उत्तर अर्धं बरोबर आहे. १९९४ च्या कायद्यानुसार कॅनडाचे राष्ट्रीय खेळ दोन: हिवाळ्यात हॉकी, उन्हाळ्यात लॅक्रॉस. गंमत बघा, संसदेत विधेयक आलं तेव्हा त्यात एकट्या हॉकीचंच नाव होतं. त्यावर लॅक्रॉसच्या बाजूच्या लोकांनी हरकत घेतली आणि मग ऋतू वाटून घेऊन तडजोड झाली. कारण कित्येक पिढ्यांची समजूत अशी होती, की १८६७ मध्ये देश स्थापन झाला तेव्हाच लॅक्रॉस राष्ट्रीय खेळ ठरला होता. प्रत्यक्षात तेव्हाच्या संसदेच्या नोंदींत असा ठरावच सापडत नाही!

मग ही समजूत आली कुठून? त्यासाठी आधी खेळ बघू. लांब दांडी, तिच्या टोकाला जाळी. चेंडू त्या जाळीत झेलायचा, घेऊन पळायचं, फेकायचा आणि गोल करायचा. हा खेळ उत्तर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांचा. त्यातही होडेनोशोनी लोकांशी त्याचं नातं फार जवळचं आहे. होडेनोशोनी म्हणजे मोहॉक, ओनायडा, ओनोंडागा, कायुगा, सेनेका आणि टस्करोरा या सहा राष्ट्रांचा संघ. बाहेरचे लोक त्यांना इरोक्वॉय म्हणत. त्यांच्या दृष्टीने हा खेळ सृष्टिकर्त्याने दिलेला आहे, आणि आजारी माणसाला बरं वाटावं म्हणूनही तो खेळला जातो. सतराव्या शतकात आलेल्या फ्रेंच धर्मप्रचारकांनीही शेजारच्या ह्युरॉन लोकांबद्दल हीच गोष्ट लिहून ठेवली आहे. 'लॅक्रॉस' हे नाव मात्र फ्रेंचांचं.

आता येऊ मॉन्ट्रियलला. विल्यम जॉर्ज बियर्स नावाचे तिथले एक दंतवैद्य. शेजारच्या कानावाके वस्तीतले मोहॉक खेळाडू जे खेळत, त्याचे त्यांनी लेखी नियम केले. मैदान, खेळाडूंची संख्या, गोल, सगळं ठरवून टाकलं. १८६९ मध्ये त्यांनी पुस्तकच काढलं आणि त्याच्या नावातच लॅक्रॉसला कॅनडाचा राष्ट्रीय खेळ म्हटलं. नव्या देशाला इंग्लंडच्या क्रिकेटपेक्षा वेगळं, 'आपलं' असं काहीतरी हवं होतं. ते शेजारीच मिळालं.

पण त्याच नियमांत एक कलम होतं: आधी ठरल्याशिवाय गोऱ्यांच्या क्लबकडून कुणा 'इंडियन' खेळाडूने सामन्यात खेळायचं नाही. १८७६ मध्ये बियर्स मॉन्ट्रियलच्या संघाबरोबर कानावाकेचा मोहॉक संघही ब्रिटनला घेऊन गेले. व्हिक्टोरिया राणीसमोर विंडसरला सामना झाला. मोहॉक खेळाडूंनी पिसं-मणी घालून प्रेक्षकांची हौस भागवायची, अशी अपेक्षा होती. आणि १८८० मध्ये राष्ट्रीय संघटनेने 'फक्त हौशी खेळाडू' असा नियम केला. मोहॉक खेळाडू प्रवासखर्चासाठी पैसे घेत. पदरचे पैसे घालून खेळायला जाणं त्यांना परवडणारं नव्हतं. नियमाने ते 'व्यावसायिक' ठरले आणि अजिंक्यपद स्पर्धेतून बाहेर गेले. म्हणजे ज्यांचा खेळ, त्यांनाच दार बंद.

हॉकीची सुरुवातही याच शहरातली. ३ मार्च १८७५ ला मॉन्ट्रियलच्या व्हिक्टोरिया स्केटिंग रिंकमध्ये बंदिस्त बर्फावर ठरवून सामना झाला. पुढे शहरातला लॅक्रॉस क्लब आणि इतर काही क्लब मिळून एक मोठी क्रीडासंस्था झाली. १८९३ मध्ये पहिला स्टॅन्ली कप मिळाला तो याच संस्थेशी जोडलेल्या हॉकी संघाला. बघा, खेळ दोन असले तरी नियम लिहिणारे आणि क्लब चालवणारे लोक साधारण एकाच वर्तुळातले होते. हळूहळू हॉकी पुढे गेली. १९३१ मध्ये तर मॉन्ट्रियल कॅनेडियन्स या हॉकी संघाच्या मालकांनी उन्हाळ्यात रिकाम्या पडणाऱ्या रिंकमध्ये लॅक्रॉस आणलं. बर्फ काढायचा, लाकडी कठड्यांच्या आत खेळायचं. हा 'बॉक्स लॅक्रॉस' होडेनोशोनी खेळाडूंनी पटकन आपलासा केला.

दार बंद झाल्यावर पुढे काय? १९८३ मध्ये होडेनोशोनींनी स्वतःचा राष्ट्रीय संघ उभा केला. १९९० मध्ये ऑस्ट्रेलियात पर्थला हा संघ प्रथमच जागतिक स्पर्धेत उतरला, स्वतःच्या झेंड्याखाली. पण २०१० मध्ये इंग्लंडमध्ये मँचेस्टरला जायचं होतं, तेव्हा ब्रिटनने त्यांचे होडेनोशोनी पासपोर्ट मान्य केले नाहीत. अमेरिकेचे किंवा कॅनडाचे पासपोर्ट घेऊन जाता आलं असतं. खेळाडूंनी नकार दिला आणि ती स्पर्धा सोडली. त्यानंतर २०१४, २०१८ आणि २०२३ अशा तीन जागतिक स्पर्धांत पुरुष संघाने कांस्यपदक मिळवलं, म्हणजे दर्जाबद्दल शंका घ्यायला जागा नाही. २०२२ च्या वर्ल्ड गेम्समध्येही आधी त्यांचं नाव नव्हतं. तेव्हा आयर्लंडने आपली जागा सोडली आणि ती होडेनोशोनींना मिळाली.

आता परत मुंबईच्या निर्णयाकडे येऊ. लॅक्रॉस १९०४ आणि १९०८ च्या ऑलिंपिकमध्ये पदकांसाठी खेळला गेला होता. १९०४ ला सेंट लुईसमध्ये विनिपेगचा संघ पहिला आला आणि एका मोहॉक संघाला कांस्यपदक मिळालं. २०२८ ला खेळ परत येतोय. पण नियम असा, की संघ पाठवायचा तो राष्ट्रीय ऑलिंपिक समितीने, आणि होडेनोशोनींची अशी मान्यताप्राप्त समिती नाही. त्यांची भूमी कॅनडा-अमेरिका सीमेच्या दोन्ही बाजूंना आहे. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष बायडन यांनी त्यांच्या मागणीला जाहीर पाठिंबा दिला. समितीचं म्हणणं मात्र असं, की या खेळाडूंनी कॅनडाकडून किंवा अमेरिकेकडून खेळावं.

कागदावर हा नियम सगळ्यांना सारखाच आहे. १८८० चा हौशी खेळाडूंचा नियमही कागदावर सगळ्यांना सारखाच होता, तरी बाहेर कोण राहिलं ते आपण आत्ता पाहिलं. म्हणून २०२८ ला क्रिकेट बघायला बसाल, तेव्हा लॅक्रॉसचे संघ मैदानात उतरताना झेंडे कोणकोणते आहेत, तेही जरूर बघा. इथे थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ या.