'ए सेलर-मेड मॅन' : मूकपटातील शब्द व संकेत

मूकपट म्हणजे शब्दविरहित चित्रपट, अशी एक समजूत रूढ आहे. वस्तुतः मूकपटात अभाव असतो तो उच्चारित ध्वनीचा, भाषेचा नव्हे. हॅरल्ड लॉइड याचा 'ए सेलर-मेड मॅन' (१९२१) हा अमेरिकी मूकपट या दृष्टीने उद्बोधक आहे. हाल रोच याची निर्मिती व फ्रेड न्यूमायर याचे दिग्दर्शन असलेली ही कृती दोन रिळांची योजिली होती. ती वाढून चार रिळांची झाली आणि लॉइडच्या दीर्घ चित्रपटांचा आरंभ ठरली.

प्रथम शीर्षक पाहावे. इंग्रजीत मापावर बेतून शिवलेल्या कपड्यास 'टेलर-मेड' म्हणतात, तर स्वकर्तृत्वाने वर आलेल्या पुरुषास 'सेल्फ-मेड मॅन'. शीर्षकात या दोन्ही प्रयोगांचा ध्वनी एकदम उमटतो. शिंपी आणि खलाशी या मराठी शब्दांत असे ध्वनिसादृश्य नसल्याने अनुवादात अर्थ उतरतो, श्लेष मात्र गळतो. कथानकाचे बीज याच श्लेषात आहे. नायक वडिलार्जित संपत्तीवर जगणारा आळशी तरुण असून नायिकेचा पिता पोलादाचा कष्टाळू कारखानदार आहे. आधी काही काम करून दाखव, ही त्याची अट पुरी करण्यासाठी तरुण नौदलात शिरतो.

पात्रांची नावेही विचारणीय आहेत. नायक-नायिका केवळ 'मुलगा' व 'मुलगी' आहेत. सामान्यनामच विशेषनामाचे कार्य करते व प्रेक्षकास त्यांच्या जागी स्वतःस कल्पिणे सुकर होते. उलट, नायिकेचे अपहरण करविणाऱ्या महाराजाचे राज्य 'खैरपुरा-भंडाना' या भरघोस नावाने मिरवते. या नावाने सिंधमधील खैरपूर संस्थानाची आठवण होते. परंतु तेथील राज्यकर्ते तालपूर घराण्यातील मीर होते, महाराजे नव्हेत. तात्पर्य, ही नावे कोणत्याही प्रदेशाचा निर्देश करीत नाहीत. 'पौर्वात्य' एवढाच भास निर्माण करतात. 'महाराजा' या शब्दाचा अर्थही येथे जनानखान्याचा धनी, जुलमी पुरुष एवढाच उरतो. परभाषेत गेलेला शब्द आपल्या समाजाचा संदर्भ कसा हरवतो आणि त्या समाजाविषयीचा पूर्वग्रह कसा दृढ करतो, याचे हे बोलके उदाहरण होय. विनोद निर्मळ भासतो म्हणून त्यातील हा दोष नजरेआड करणे योग्य नव्हे.

शेवटचा प्रसंग सर्वांत अर्थपूर्ण आहे. नायक युद्धनौकेवर, नायिका पित्याच्या नौकेवर. आवाज पोहोचणे अशक्य. तेव्हा तो निशाणांच्या संकेतांनी तिला मागणी घालतो. मुखावरील भाव प्रीती व्यक्त करू शकतो; 'माझ्याशी विवाह करशील काय?' हा प्रश्न मात्र मांडू शकत नाही. त्यासाठी उभयमान्य संकेतव्यवस्था, म्हणजेच भाषा, आवश्यक असते. आरंभी त्याने हीच मागणी सहज, काही न कमावता घातली होती. आता ती तो आपल्या व्यवसायात शिकलेल्या भाषेत घालतो. शीर्षकाने सुचविलेला, खलाशीपणाने घडलेला पुरुष या क्षणी प्रत्यक्ष उभा राहतो, आणि तोही एकही शब्द न उच्चारता.