बिलातली वरची युनिटं

महावितरणच्या घरगुती बिलात विजेला एकच दर नसतो, चार असतात. महिन्याची पहिली १०० युनिटं सर्वांत स्वस्त, १०१ ते ३०० महाग, ३०१ ते ५०० आणखी महाग आणि त्यापुढची सर्वांत महाग. मुंबईत बेस्ट, अदानी किंवा टाटाचं मीटर असेल तर रुपये वेगळे, पण पायऱ्या याच धर्तीच्या. दर वीज नियामक आयोग ठरवतो आणि ते बदलत राहतात. तरी महावितरणच्या अलीकडच्या दरपत्रकांत दुसऱ्या टप्प्याचा वीज आकार पहिल्याच्या दुपटीहून जास्त आणि तिसऱ्याचा तिपटीच्या आसपास राहिला आहे.

यावरून एक गैरसमज घरोघरी ऐकू येतो. १०० च्या वर एक युनिट गेलं की सगळं बिल वरच्या दराने लागतं, असं लोक ठामपणे सांगतात. तसं होत नाही. पहिली १०० युनिटं पहिल्याच दराने धरली जातात, फक्त वरच्या युनिटांना वरचा दर लागतो.

हिशेब करून पाहू. सोयीसाठी युनिटमागे लागणारा वहन आकार धरून तीन टप्प्यांचे दर ६, १२ आणि १६ रुपये मानू. एका घराचा वापर महिन्याला ३५० युनिटं आहे. पहिल्या शंभरांचे ६०० रुपये, पुढच्या दोनशेंचे २४०० आणि शेवटच्या पन्नासांचे ८००. एकूण ३८००. सरासरी काढली तर युनिटला ११ रुपयेही पडत नाहीत. पण या घराने ५० युनिटं वाचवली तर ती सरासरी दराची नसतात, वरच्या टोकाची असतात. म्हणून पूर्ण ८०० रुपये कमी होतात. शिवाय घरगुती बिलावर १६ टक्के वीज शुल्क लागतं, त्या ८०० रुपयांवरचं तेही वाचतं. म्हणजे वापर सातवा हिस्सा घटला, पण युनिटांच्या रकमेतला पाचव्या हिश्शाहून जास्त भाग गेला. स्थिर आकार मात्र तसाच राहतो, घर महिनाभर बंद असलं तरी.

म्हणून पहिला प्रश्न असा, की आपल्या घरातली वरची पन्नास-साठ युनिटं कोण खातं?

याचं उत्तर मीटरच देतं. इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक बारीक लाल दिवा लुकलुकत असतो आणि त्याच्याजवळ एका युनिटाला तो किती वेळा लुकलुकतो ते छापलेलं असतं. बऱ्याच मीटरांवर हा आकडा ३२०० असतो. ६०,००० ला या आकड्याने भागा. ३२०० असेल तर उत्तर येतं १८.७५. आता एका मिनिटात दिवा किती वेळा लुकलुकला ते मोजा आणि त्याला १८.७५ ने गुणा. त्या क्षणी घरात चालू असलेल्या उपकरणांचे एकूण वॅट मिळाले. सगळं बंद करून एकच जुना पंखा लावला आणि मिनिटाला चार लुकलुक आल्या, तर तो ७५ वॅटचा आहे. मीटर खाली जिन्याजवळ असेल तर एकाने खाली उभं राहायचं, दुसऱ्याने वर बटणं दाबायची आणि फोनवर बोलत राहायचं. शाळेतल्या मुलांना हे काम जरूर द्यावं. ती मनापासून करतात आणि त्यानंतर घरातल्या विजेवर त्यांचंच लक्ष राहतं.

फ्रिजसह सगळी बटणं बंद केल्यावरही दिवा सावकाश लुकलुकत असेल, तर इन्व्हर्टर, राउटर, सेट-टॉप बॉक्स असं काहीतरी सुरू राहिलेलं असतं. घराचा मेन स्विच पाडल्यावरही लुकलुकत असेल, तर वायरिंगमध्ये गळती आहे किंवा आपल्या मीटरवरून दुसरीकडे वीज जाते आहे. मग वायरमनला बोलावण्यात दिरंगाई करू नये.

वॅट कळले की बाकीचं गुणाकाराचं काम. एक हजार वॅट एक तास म्हणजे एक युनिट. घरातली खर्चिक उपकरणं दोन प्रकारची निघतात. काही उष्णता किंवा थंडावा तयार करतात आणि काही तासन् तास चालतात.

गीझरपासून सुरुवात करू, कारण तिथे पाण्याचाच हिशेब मांडता येतो. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला सव्वा वॅट-तासाहून थोडी कमी वीज लागते. अठरा लिटरची बादली २५ अंशांवरून ४० अंशांवर न्यायची तर युनिटाचा तिसरा हिस्सा पुरतो. चौघांच्या चार बादल्या म्हणजे रोज सव्वा युनिट, महिन्याला अडतीसच्या आसपास. पुण्या-नाशकाच्या थंडीत नळाचं पाणीच १८ अंशांवर आलं, की हाच आकडा जवळपास दीडपट होतो. हे झालं बादलीचं. दहा मिनिटं शॉवर सोडला तर साठ लिटर पाणी सहज जातं, म्हणजे एकाच माणसाच्या आंघोळीला तीन बादल्यांची वीज. माझ्या मते हिवाळ्यात घरातली सर्वांत मोठी बचत बादलीत आहे.

गीझरच्या टाकीत आंघोळ संपल्यावर उरलेलं कढत पाणी दिवसभरात निवतं आणि त्यावर खर्चलेली वीज वाया जाते. पंचवीस लिटरची टाकी २५ वरून ६० अंशांवर नेली की एक युनिट संपलं. म्हणून थर्मोस्टॅट पन्नासच्या आसपास ठेवावा, एकामागून एक आंघोळी उरकाव्यात आणि शेवटच्या माणसाच्या आधीच बटण बंद करावं. टाकीतलं पाणी त्याला पुरतं.

एसी असलेल्या घरात उन्हाळ्याचं बिल तोच ठरवतो. तासाला सरासरी एक युनिट आणि रात्रीचे आठ तास धरले, तर महिन्याला २४० युनिटं, तीही सगळी वरच्या टप्प्यांतली. २०२० पासून स्टार लेबलचे एसी कारखान्यातूनच २४ अंशांवर लावून येतात. ऊर्जा दक्षता ब्युरोच्या सांगण्यानुसार एक अंश वाढवला की सुमारे सहा टक्के वीज वाचते. २६ वर एसी आणि सोबत मंद पंखा, हा मेळ बहुतेकांना मानवतो.

फ्रिजच्या दारात कागद धरून दार लावा. तो सहज ओढून निघाला तर रबर सैल झालं आहे. ते बदलणं स्वस्त पडतं.

आता ज्यांच्यामागे लागू नये अशा गोष्टी. मोबाइलचा चार्जर नुसता प्लगमध्ये राहिला तर महिन्यात पाव युनिटही जात नाही. मिक्सर साडेसातशे वॅटचा असला तरी रोज दहा मिनिटं चालतो, त्याची महिन्याची चार युनिटंही होत नाहीत. चार्जरवरून मुलांना रोज बोलणारी मंडळी वरच्या टाकीचा पंप मात्र पाणी ओसंडेपर्यंत चालू ठेवतात. एक अश्वशक्तीचा पंप रोज अर्धा तास चालला तरी महिन्याला पंधरा युनिटांच्या आसपास जातात. आणि सेट-टॉप बॉक्स? टीव्ही बंद केल्यावरही तो दहा वॅट घेत बसला तर महिन्याला सात युनिटं. त्याचं बटण भिंतीवरून बंद करा.

वापर न वाढता बिल फुगलं असेल, तर आधी मागचं आणि चालू रीडिंग मीटरशी ताडून पाहा. रीडिंग न घेता सरासरीचं बिल आलं आणि नंतर दोन-तीन महिन्यांचं एकदम लागलं, तर स्वस्त टप्पाही तितक्या पटीने मिळायला हवा. तीन महिन्यांच्या बिलात पहिल्या दराची ३०० युनिटं दिसली पाहिजेत. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये रीडिंग थांबलं आणि जूनमध्ये मोठी बिलं आली, तेव्हा याच मुद्द्यावर लोक बिलं घेऊन बसले होते.

राहिला प्रश्न नवीन वस्तू घेण्याचा. जुना पंखा ७५ वॅटचा, कमी विजेवर चालणारा नवा बीएलडीसी पंखा ३० वॅटचा. दिवसाला पंधरा तास चालला तर महिन्याला वीस युनिटं वाचतात. पंखा तीन हजारांना मिळाला असं धरू. ३५० युनिटांच्या आपल्या घरात ही वीस युनिटं सोळा रुपये दराची आहेत. वीज शुल्कासह महिन्याला ३७० रुपये सुटतात आणि पंख्याचे पैसे आठ-नऊ महिन्यांत वसूल होतात. शेजारच्या घराचा वापर नव्वद युनिटं असेल तर त्यांना तेच पैसे सुटायला पावणेदोन वर्षांच्या वर लागतात. म्हणून दुकानात जाण्याआधी आपण कोणत्या टप्प्यात आहोत ते बिलावर पाहावं आणि सुरुवात दिवसरात्र फिरणाऱ्या पंख्यापासून करावी. पाहुण्यांच्या खोलीतला जुना पंखा अजून कितीही वर्षं राहिला तरी चालेल.