चिंकारा, जिराफ आणि ‘किमान चिंता’

कन्नड तालुक्यांतील पिशोरच्या परिसरास गौताळ्याचें रान अपरिचित नाहीं. अजिंठ्याच्या डोंगररांगेंतील हें रान १९८६ सालीं ‘गौताळा औट्रमघाट अभयारण्य’ म्हणून घोषित झालें. छत्रपती संभाजीनगर व जळगांव या दोन जिल्ह्यांत मिळून त्याचें क्षेत्र सुमारें २६० चौरस किलोमीटर आहे. तेथील बिबट्याची वार्ता गांवोगांव पोहोंचते. परंतु त्याच रानांतील चिंकाऱ्याची चौकशी सहसा कोणी करीत नाहीं.

चिंकाऱ्यास लोक हरिण म्हणत असले, तरी तो काळविटाचा सगोत्र होय. सांबर-चितळांचीं शिंगें दरवर्षीं गळून पुन्हां उगवतात; चिंकाऱ्याचीं जन्मभर टिकतात, आणि मादीसही लहान शिंगें असतात. त्याची उंची खांद्यापाशीं सुमारें दोन फूट भरते. पाणी न मिळाल्यास दंव व पाल्यांतील ओलावा यांवर त्याचा पुष्कळ दिवस निभाव लागतो. म्हणूनच ज्या खडकाळ माळास मनुष्य ‘पडीक’ म्हणतो, तेंच त्याचें घर होय.

आंतरराष्ट्रीय निसर्गसंरक्षण संघाची ‘लाल यादी’ चिंकाऱ्यास ‘किमान चिंता’ या वर्गांत घालते. एवढ्यावरून श्रोत्यांनीं निश्चिंत व्हावें काय? याचें उत्तर आफ्रिकेंतील जिराफ देतो. प्रत्येक बालकास चित्रांतून ठाऊक असलेला हा प्राणी २०१६ पर्यंत त्याच वर्गांत होता. परंतु १९८५ च्या सुमारास दीड लाखांवर असलेली त्याची संख्या २०१५ पर्यंत एक लाखाखालीं आली होती. निदान सात देशांतून तर तो नाहींसाच झाला होता. तेव्हां कोठें यादीनें त्यास ‘असुरक्षित’ ठरविलें. शेतीसाठीं तोडलेलीं रानें, चोरटी शिकार व यादवी हीं त्याचीं कारणें. त्याचा एकमेव जिवंत भाऊबंद ओकापी हा कांगोच्या दाट अरण्यांत राहतो. तो २०१३ पासून ‘संकटग्रस्त’ आहे.

यादी सबंध जातीचा हिशेब मांडते, एखाद्या खोऱ्यांतील कळपाचा नाहीं. राजस्थानांत चिंकारे पुष्कळ असले, म्हणून गौताळ्यांतील उणीव भरून निघत नाहीं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमानें त्यास पहिल्या अनुसूचींत घालून शिकारीस कडक बंदी केली आहे. परंतु कायदा बंदूक अडवितो. वणवा व मोकाट कुत्रीं यांस आवरणें गांवाच्याच हातीं आहे. माळ न पेटविणें, कुत्रीं रानांत न सोडणें, फासे दिसतांच वनखात्यास कळविणें, यांस खर्च लागत नाहीं. यादींतील वर्ग बदलण्याची वाट पाहणें मात्र महाग पडतें. जिराफाच्या बाबतींत तेंच घडलें.